प्रोजेक्टरची जोडणी : ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शन

खरीप हंगाम ऐन भरात आला म्हणजे गावोगावी शेतीशाळा व सायंसभा भरू लागतात. दिवसभर शेतात राबलेली मंडळी हातपाय धुऊन, जनावरांचे चारापाणी उरकून, रात्री आठच्या सुमारास ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा शाळेच्या पडवीत येऊन बसतात. त्यांच्यापाशी वेळ असतो तो फार तर एक तास. हा तास केबल शोधण्यात, बटणे दाबण्यात आणि ‘थोडे थांबा, आत्ता चालू होईल’ असे म्हणण्यात गेला, तर पुढच्या सभेस निम्मी माणसे येत नाहीत. शिवाय जी माहिती त्या दिवशी पोचावयास हवी होती ती आठ दिवसांनी पोचली, तर कित्येकदा तिचा उपयोगच उरत नाही. कीड व रोग सभेच्या तारखेची वाट पाहात नसतात.

प्रोजेक्टर हे यंत्र आता दुर्मीळ राहिलेले नाही. शाळा, ग्रामपंचायत, सहकारी संस्था किंवा कृषी विज्ञान केंद्र यांपैकी कोठे तरी ते मिळू शकते. अडचण यंत्राची नसून त्याच्या जोडणीची आहे. ही जोडणी अवघड आहे असा समज करून घेऊ नये. ज्यास विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर समजतो, त्यास ही जोडणी समजण्यास काहीच हरकत नाही.

पूर्वीची रीत व आजची रीत

चित्र दाखवून लोकांस विषय समजावून देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. १८९० च्या दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे पुत्र काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर टाकून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ करीत असत. पुढे १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेस प्रारंभ झाला. त्या काळात शेतीविषयक माहितीपट १६ मिलिमीटरच्या फितीवर गावोगावी नेऊन दाखविले जात.

त्या जुन्या यंत्रात चित्राची फीत, दिवा व भिंग ही सर्व एकाच पेटीत असत. आज तसे नाही. चित्र असते संगणकात, प्रकाश असतो प्रोजेक्टरमध्ये आणि मोठा आवाज निघतो तिसऱ्याच यंत्रातून. म्हणून या तिघांना जोडणारी केबल आणि तिची दोन टोके यांवर आता सर्व काही अवलंबून असते. तुषार सिंचनाचा संच डोळ्यांपुढे आणावा. संगणक ही विहीर, केबल ही पाइपलाइन आणि प्रोजेक्टर ही तोटी होय. तोटीतून पाणी येईनासे झाले तर आपण तोटीवर हातोडा मारीत नाही; पाणी विहिरीत आहे काय, पाइपाच्या सांध्यात अडले आहे काय, हे क्रमाने पाहतो. येथेही तोच क्रम ठेवावयाचा आहे.

एका चुकीची हकीकत

जोडणीतील लहानसा दोष किती महागात पडतो याचे एक उदाहरण स्वतःच्याच अनुभवातील देतो. सोयाबीनवरील पिवळा मोझॅक या विषाणुरोगाची ओळख पटवून देण्यासाठी ऑगस्ट महिन्यात एका गावी सभा ठेवली होती. हा रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. आरंभी शेतात थोडीच रोगट झाडे असतात. ती वेळीच ओळखून उपटून नष्ट केली आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त केला, तर प्रसारास आळा बसतो. तेव्हा पिवळे पडलेले पान नेमके कसे दिसते हे दाखविणे हाच त्या सभेचा हेतू होता.

चित्रे पडद्यावर आली. मी श्रोत्यांकडे तोंड करून, समोरील लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहात बोलत होतो. बराच वेळ झाल्यावर एक वृद्ध शेतकरी उठून म्हणाले, “साहेब, हे पान तर आमच्या चांगल्या झाडावाणी हिरवंच दिसतंय. मग उपटायचं कोणतं?” मी मागे वळून पाहिले. लॅपटॉपवर पिवळे दिसणारे पान भिंतीवर खरोखरच हिरवे दिसत होते! केबलमधील एक बारीक पिन वाकली होती व तांबडा रंग पडद्यापर्यंत पोचतच नव्हता. पिवळा प्रकाश हा तांबडा व हिरवा यांच्या मिश्रणाने होतो. तांबडा वजा झाला म्हणजे हिरवाच उरतो. रोगट पान निरोगी म्हणून मी पाऊण तास दाखवीत होतो.

दुसरी केबल जवळ नव्हती. सभा पुढील आठवड्यात पुन्हा घ्यावी लागली. त्या आठवड्यात कित्येक शेतांत रोगट झाडांची संख्या डोळ्यांस दिसेल इतकी वाढली होती. यात यंत्राचा दोष नाही, दोष माझा. केबल आधी तपासली असती आणि एकदा तरी पडद्याकडे पाहिले असते तर हे टळले असते. याच कारणास्तव पुढील माहिती तपशिलाने देत आहे.

खाचा व केबली यांची ओळख

प्रोजेक्टरच्या मागील बाजूस निरनिराळ्या आकाराच्या खाचा असतात. त्यांपैकी पुढील चार-पाच ओळखता आल्या म्हणजे काम भागते.

व्ही.जी.ए. : ही जुनी व अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळणारी जोडणी होय. ती १९८७ साली प्रचारात आली. तिच्या टोकात तीन ओळींत पंधरा पिना बसविण्याची सोय असते व दोन्ही बाजूंस हाताने फिरवावयाचे स्क्रू असतात. टोकाचा रंग बहुधा निळा असतो. तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांचे संकेत तीन वेगवेगळ्या पिनांतून जातात. म्हणूनच एक पिन वाकली तर एकच रंग नाहीसा होतो. या केबलमधून आवाज मुळीच जात नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. टोक बसविताना जोर करू नये. आकार जुळवून सरळ दाबावे व दोन्ही स्क्रू बोटांनी आवळावेत. स्क्रू न आवळल्यास कोणाचा पाय लागताच टोक अर्धवट निसटते आणि रंग बिघडतो.

एच.डी.एम.आय. : ही आजची सर्वसाधारण जोडणी. हिचे टोक चपटे असून खालच्या दोन कडा तिरप्या कापलेल्या असतात. एकाच केबलमधून चित्र व आवाज दोन्ही जातात. हिला स्क्रू नसल्यामुळे केबल ताणली जाणार नाही अशी ठेवावी. साध्या केबलच्या बाबतीत दहा मीटरपर्यंतच्या लांबीवर भरवसा ठेवावा; त्याहून लांब केबल लागल्यास चित्र लुकलुकण्याचा संभव असतो, म्हणून त्यासाठी मुद्दाम बनविलेली केबल घ्यावी.

टाइप-सी : नव्या लॅपटॉपांना व मोबाईलना असलेली ही लहान, लंबगोल खाच. हिच्यातून चित्र बाहेर पाठविता येते, परंतु प्रत्येक यंत्रात ती सोय असतेच असे नाही. कित्येक मोबाईलमध्ये या खाचेचा उपयोग केवळ चार्जिंग व माहितीची देवाणघेवाण एवढाच असतो. खाच दिसली म्हणून चित्र येईलच असे गृहीत धरू नये. आदल्या दिवशी जोडून खात्री करून घ्यावी.

तीन रंगांच्या पिना : पिवळी, पांढरी व तांबडी. जुन्या डी.व्ही.डी. यंत्रांबरोबर या येतात. पिवळीतून चित्र, पांढरीतून डाव्या बाजूचा आणि तांबडीतून उजव्या बाजूचा आवाज जातो. चित्राचा दर्जा साधारण असतो. बारीक अक्षरे वाचता येत नाहीत.

यू.एस.बी. : आयताकृती चपटी खाच पेनड्राइव्हसाठी असते, परंतु काही प्रोजेक्टर पेनड्राइव्ह वाचू शकतात, काही वाचू शकत नाहीत. चौकोनी आकाराची दुसरी यू.एस.बी. खाच वेगळ्या कामासाठी असते. तिच्यात बळेच काही घालू नये.

प्रोजेक्टर जुना व लॅपटॉप नवा असला की एकास व्ही.जी.ए. व दुसऱ्यास एच.डी.एम.आय. अशी विजोड अवस्था होते. अशा वेळी मध्ये एक लहान जोडयंत्र घालावे लागते, त्यास बाजारात ‘कन्व्हर्टर’ म्हणतात. हे एकाच दिशेने चालते. एच.डी.एम.आय. चा लॅपटॉप व व्ही.जी.ए. चा प्रोजेक्टर असेल, तर ‘एच.डी.एम.आय. ते व्ही.जी.ए.’ असे स्पष्ट सांगूनच ते विकत घ्यावे. उलट प्रकारचे आणल्यास चालणार नाही. पुढे व्ही.जी.ए. ची केबल असल्याने आवाज त्यातून जाणार नाही. तो कन्व्हर्टरच्या बाजूस असलेल्या गोल छिद्रातून किंवा लॅपटॉपमधून स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

सभेपूर्वीची मांडणी

जागा उजेडी असताना प्रोजेक्टर लावून उपयोग नाही. पडद्यावर पडणारा बाहेरचा प्रकाश बंद करावा. श्रोत्यांच्या मागील एखादा मंद दिवा चालू ठेवल्यास चालतो. पडद्यासाठी चुना दिलेली स्वच्छ पांढरी भिंत उत्तम. धोतर किंवा चादर लावावयाची झाल्यास ती चारी बाजूंनी ताणून बांधावी. भिंतीस पिवळा वा निळा रंग असेल तर तिच्यावर चित्र दाखवू नये. पानाचा रंग हाच जेथे पुरावा आहे, तेथे रंगीत भिंत खोटी साक्ष देते.

बहुतेक साध्या प्रोजेक्टरांत चित्राच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर यंत्र ठेवावे लागते. म्हणजे दोन मीटर रुंदीचे चित्र हवे असल्यास यंत्र पडद्यापासून तीन ते चार मीटरवर येईल. श्रोत्यांच्या बैठकीसाठी एक सोपा नियम आहे : पहिली रांग चित्राच्या रुंदीच्या दुपटीहून जवळ नसावी व शेवटची रांग सहापटीहून दूर नसावी. दोन मीटर रुंदीच्या चित्रासाठी पहिली रांग चार मीटरवर व शेवटची बारा मीटरच्या आत असावी. मागे बसणाऱ्या स्त्रिया व वयस्क मंडळी यांना चित्र दिसते की नाही, हे स्वतः तेथे जाऊन पाहावे.

यंत्र पडद्यासमोर सरळ व मध्यभागी ठेवावे. ते फार खाली ठेवून तोंड वर उचलल्यास चित्र वरती रुंद व खाली अरुंद होते. हा तिरपेपणा घालविण्याची सोय यंत्रात असते, परंतु तिचा उपयोग जरुरीपुरताच करावा, कारण तीमुळे चित्राची स्पष्टता थोडी कमी होते. टेबलाची उंची वाढविणे हा अधिक चांगला उपाय होय. त्यानंतर भिंगाभोवतालची कडी फिरवून अक्षरे रेखीव करावीत.

जोडणीचा क्रम

पुढील क्रम पाठ करून ठेवावा.

१. सर्व यंत्रे बंद असताना केबली जोडाव्यात. प्रथम लॅपटॉप ते प्रोजेक्टर, मग आवाजाची केबल, शेवटी विजेचे प्लग.

२. प्रोजेक्टर चालू करावा व दिव्यास पूर्ण प्रकाश येईपर्यंत थांबावे. त्यानंतर लॅपटॉप चालू करावा. दोन्ही यंत्रे जोडलेली असली म्हणजे प्रोजेक्टर आपणास किती मापाचे चित्र चालते हे लॅपटॉपला कळवितो व लॅपटॉप त्याप्रमाणे चित्र पाठवितो.

३. प्रोजेक्टरवरील अथवा त्याच्या रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ हे बटण दाबून ज्या खाचेत केबल घातली असेल तीच निवडावी. दोन एच.डी.एम.आय. खाचा असल्यास त्यांना १ व २ असे अंक असतात. ते नीट पाहावेत.

४. विंडोज पद्धतीच्या लॅपटॉपवर खिडकीचे चिन्ह असलेली कळ दाबून धरून इंग्रजी ‘पी’ हे अक्षर दाबावे. चार पर्याय दिसतील. पहिल्याने चित्र फक्त लॅपटॉपवर राहते. ‘डुप्लिकेट’ या दुसऱ्याने दोन्हीकडे सारखेच दिसते. ‘एक्स्टेंड’ या तिसऱ्याने पडदा हा लॅपटॉपचा वाढीव भाग होतो, व चौथ्याने चित्र केवळ पडद्यावर दिसते. सभेसाठी ‘डुप्लिकेट’ निवडावे. ‘एक्स्टेंड’ चुकून निवडले गेल्यास भिंतीवर नुसते रिकामे चित्र दिसते व आपली फाइल तेथे येत नाही. पुष्कळदा ‘प्रोजेक्टर बिघडला’ असे म्हणतात ते याच कारणाने.

५. लॅपटॉप चार्जरवर ठेवावा आणि तो आपोआप झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करावी.

६. पहिले चित्र परीक्षेचे असावे. त्यावर पांढरा, तांबडा, हिरवा, निळा व पिवळा असे पाच पट्टे आणि खाली बारीक व मोठी अक्षरे काढून ठेवावीत. पडद्यावर पांढरा पट्टा आकाशी-हिरवट दिसला तर तांबडा रंग येत नाही, पिवळा दिसला तर निळा येत नाही आणि जांभळट गुलाबी दिसला तर हिरवा येत नाही, असे समजावे. या परीक्षेस अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट वाचविल्याने माझा एक आठवडा गेला.

आवाजाची जोडणी

आवाजाकडे बहुधा शेवटी लक्ष जाते. वास्तविक काही विषयांत तो चित्राइतकाच महत्त्वाचा असतो. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे आपण विसरू शकत नाही. फवारणीच्या दक्षतेविषयीची चित्रफीत दाखविताना ‘वाऱ्याच्या दिशेने फवारावे, विरुद्ध दिशेने नव्हे’ या वाक्यातील एक शब्द मागील रांगेस ऐकू आला नाही, तर अर्थ उलटा होऊ शकतो.

प्रोजेक्टरमध्ये असलेला ध्वनिक्षेपक लहान खोलीपुरता पुरतो. सभागृहास पुरत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीचा किंवा देवळातील अ‍ॅम्प्लिफायर व कर्णा उपयोगात आणावा. लॅपटॉपच्या गोल छिद्रात एक बारीक पिन व दुसऱ्या टोकास पांढरी व तांबडी अशा दोन पिना असलेली केबल बाजारात स्वस्त मिळते. तिच्या या दोन पिना अ‍ॅम्प्लिफायरवरील ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’ असे लिहिलेल्या छिद्रांत घालाव्यात. ‘माइक’ असे लिहिलेल्या छिद्रात घालू नयेत. माइकमधून येणारा संकेत अत्यंत क्षीण असतो व अ‍ॅम्प्लिफायर तो पुष्कळ पटींनी वाढवितो. लॅपटॉपमधून येणारा संकेत मुळातच जोरकस असल्याने तेथे आवाज फाटतो. आरंभी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर ठेवावा, केबल जोडावी व मग हळूहळू वाढवावा.

एच.डी.एम.आय. केबल जोडताच लॅपटॉप पुष्कळदा आवाज आपण होऊन प्रोजेक्टरकडे पाठवू लागतो व कर्णा मुका राहतो. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळाजवळ असलेल्या ध्वनिक्षेपकाच्या चिन्हावर जाऊन आवाज कोठून काढावयाचा ते निवडावे. दुसरा मार्ग असा की, प्रोजेक्टरवर ‘ऑडिओ आउट’ हे छिद्र असल्यास तेथूनच केबल अ‍ॅम्प्लिफायरकडे न्यावी.

कर्ण्यातून सतत ‘हूं’ असा घरघर आवाज येत असल्यास लॅपटॉप, प्रोजेक्टर व अ‍ॅम्प्लिफायर यांचे प्लग एकाच बोर्डात लावून पाहावे. तेवढ्याने न थांबल्यास लॅपटॉपचा चार्जर काही वेळ काढून पाहावा. घरघर थांबविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा प्रकार काही ठिकाणी दिसतो. तो प्राणघातक आहे. कदापि करू नये. माइक हाती घेऊन कर्ण्यासमोर उभे राहिल्यास शिट्टी वाजते, म्हणून वक्त्याने कर्ण्याच्या मागे उभे राहावे.

पेनड्राइव्ह व मोबाईल

लॅपटॉप नसल्यास आणि प्रोजेक्टर पेनड्राइव्ह वाचणारा असल्यास छायाचित्रे व चित्रफिती पेनड्राइव्हवर नेता येतात. छायाचित्रे जेपेग व चित्रफिती एम.पी.-४ या प्रकारात ठेवणे सर्वांत सोयीचे. भाषणाची तयार केलेली पाने पुष्कळ प्रोजेक्टर उघडू शकत नाहीत. ती आधी छायाचित्रांच्या स्वरूपात साठवून न्यावीत.

मोबाईलवरील चित्र बिनतारी पद्धतीने पाठविण्याची सोय काही प्रोजेक्टरांत असते. नसल्यास एच.डी.एम.आय. खाचेत बसणारे एक लहान उपकरण मिळते. त्यास वीज यू.एस.बी. मधून द्यावी लागते. या पद्धतीत चित्र क्वचित अडखळते. म्हणून लांब चित्रफितीसाठी केबलच बरी. तसेच चित्रफीत इंटरनेटवरून थेट चालविण्याचा मोह टाळावा. गावातील नेटवर्क ऐन वेळी दगा देते. चित्रफीत आधीच उतरवून घ्यावी.

मोबाईलचा एक मोठा उपयोग मात्र अवश्य करावा. मोबाईलचा कॅमेरा चालू करून तो पडद्याशी जोडला, म्हणजे श्रोत्यांपैकी कोणी आणलेले पान त्याखाली धरता येते. पानाच्या मागील बाजूस बसलेली कीड सर्वांना एकाच वेळी ढेकूण दिसावा इतकी ठळक दिसते. आपल्याच शेतातील पान भिंतीवर पाहिल्यावर शेतकऱ्याची जी खात्री पटते, ती परगावच्या चित्राने पटत नाही.

बिघाड व त्यांचे उपाय

पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे आल्यास प्रोजेक्टर ठीक आहे, परंतु त्याच्याकडे चित्र येत नाही, असे समजावे. सोर्स तपासावा, खिडकीची कळ व ‘पी’ यांचा पर्याय तपासावा, केबलची दोन्ही टोके काढून पुन्हा बसवावीत व शेवटी केबल बदलून पाहावी.

‘अनसपोर्टेड’ किंवा ‘आउट ऑफ रेंज’ अशी अक्षरे आल्यास चित्र येत आहे, पण ते प्रोजेक्टरला न झेपणाऱ्या मापाचे आहे. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन माप कमी करावे. जुन्या प्रोजेक्टरसाठी १०२४ × ७६८, त्यानंतरच्यांसाठी १२८० × ८०० व नव्यांसाठी १९२० × १०८० ही मापे बहुधा जुळतात.

रंग बदलल्यास व्ही.जी.ए. टोक काढून पिना पाहाव्यात. वाकलेली पिन बारीक चिमट्याने हलकेच सरळ होऊ शकते. मात्र काही पिनांच्या जागा मुळातच रिकाम्या असतात, त्यास दोष समजू नये.

चित्र उलटे दिसल्यास यंत्र छतास टांगण्यासाठीच्या पर्यायावर गेलेले असते. त्याच्या मेनूमध्ये ‘प्रोजेक्शन’ हा भाग पाहून ‘फ्रंट’ हा पर्याय निवडावा.

यंत्र चालता चालता आपोआप बंद पडल्यास ते तापले आहे असे समजावे. हवेच्या जाळीसमोरील कागद, पिशवी, पडदा दूर करावा व जाळीतील धूळ यंत्र थंड झाल्यावर कोरड्या ब्रशने काढावी.

वीज व दिवा यांची काळजी

दिव्याचा प्रोजेक्टर, लॅपटॉप व लहान अ‍ॅम्प्लिफायर मिळून सुमारे पाचशे वॅट भार होतो. इन्व्हर्टरवर चालवावयाचे झाल्यास त्याची क्षमता आधी पाहावी. बोर्डास अर्थिंग असलेच पाहिजे; उघड्या तारा खोचून काम भागवू नये. वीज गेल्यास सर्व प्लग काढून ठेवावेत. वीज परत येताना दाब एकदम वाढण्याचा धोका असतो.

जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टरातील दिव्यात पारा असतो व त्याचे आयुष्य बहुधा काही हजार तासांचे असते. बंद करताना यंत्रावरील बटण दाबून पंखा थांबेपर्यंत वाट पाहावी. एकदम प्लग उपटल्यास दिव्याचे आयुष्य घटते. वीज गेल्याने बंद पडलेला दिवा गरम असेपर्यंत पुन्हा लागत नाही. काही मिनिटे धीर धरावा. दिवा फुटल्यास माणसांना बाहेर काढून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि तुकडे उकिरड्यावर टाकू नयेत. चालू यंत्राच्या भिंगात कोणी पाहू नये. लहान मुलांना तेथून दूर बसवावे.

पावसाळ्यात प्रकाशाकडे किडे झेपावतात. सभागृहाबाहेर थोड्या अंतरावर एक दिवा लावून ठेवल्यास पुष्कळसे किडे तिकडे वळतात. प्रकाशसापळ्याचेच हे तत्त्व आहे. किड्यांच्या भीतीने यंत्रावर फडके मात्र टाकू नये.

समारोप

प्रत्येक कार्यकर्त्याने एक कापडी पिशवी कायमची तयार ठेवावी. तीत एच.डी.एम.आय. केबल, व्ही.जी.ए. केबल, कन्व्हर्टर, आवाजाची केबल, अर्थिंगसह एक्स्टेन्शन बोर्ड, परीक्षेच्या चित्रासह पेनड्राइव्ह, बॅटरी व स्वच्छ मऊ कापड एवढ्या वस्तू असाव्यात. सभेपूर्वी अर्धा तास पोचून सर्व जोडणी तपासावी. शेतकरी येऊन बसेपर्यंत पडदा तयार असावा. आणि बोलताना लॅपटॉपकडे नव्हे, पडद्याकडे व माणसांकडे पाहावे.

इतके करूनही एखादे दिवशी यंत्र चालणार नाही. तेव्हा सभा मोडू नये. रोगट झाड व निरोगी झाड अशी दोन झाडे उपटून आणावीत, ती हातोहात फिरवावीत आणि बोलण्यास सुरुवात करावी. वर सांगितलेल्या गावी दुसऱ्या सभेस ते वृद्ध शेतकरी स्वतःच्या शेतातील पिवळे पान घेऊन आले होते. ते मोबाईलखाली धरून पडद्यावर दाखविले, तेव्हा कोणते झाड उपटावयाचे हे कोणास विचारावे लागले नाही. दुसरे दिवशी सकाळी मंडळी शेतात होती.